रिकिबीची आण

सोनीबाईचा नेम असा होता, की पहाटे भवानीपुढं दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्न होऊन अनसिंगला आली त्या सालापासून हे चाललेलं. पुढं एका चातुर्मासात तिनं खरं बोलायचं व्रत धरलं. चातुर्मास संपला, उद्यापन झालं, पण जिभेला लागलेलं वळण काही सुटलं नाही. शेताच्या धुऱ्याचा, बांधाचा तंटा असो, की कुणाची म्हैस कुणाच्या तुरीत शिरली याचा, लोक ओट्यापाशी येऊन उभे राहायचे. "काकी, तुमी पाह्यलं का?" ती "हो" म्हणाली की माणसं गुमान आपापल्या घरी जायची. तिला याचा अभिमान नव्हता, उलट धाकच होता. चारचौघीत बोलताना सुद्धा ती शब्द तांदळासारखे निवडून बोलायची, आणि म्हणून फार हळू बोलायची.

बाबूसिंग आला तो आश्विन सरतानाचा सोमवार होता. लढाई सुरू होऊन पाच वर्षं उलटून गेली होती. रॉकेल मिळत नव्हतं, लुगडी मिळत नव्हती, आणि गावोगावची पोरं कुठल्या कुठं गेली होती. बाबूसिंग शेलूबाजारचा, भावकीतला. तो आणि सोनीबाईचा गोविंदसिंग एकदमच रिसाल्यात भरती झाले, नगरच्या छावणीत एकदमच रणगाडा चालवायला शिकले. मग बाबूसिंगची तुकडी आधी ब्रह्मदेशाच्या हद्दीवर गेली आणि गोविंदसिंग दुसऱ्या तुकडीत मागं राहिला. आता बाबूसिंग परत आला होता तो कायमचा. त्याच्या दोन्ही हातांची कातडी चुलीत भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी झाली होती. रुख्मिणीनं, गोविंदसिंगच्या बायकोनं, चहाची वाटी पुढं केली, ती त्याला धरता येईना. सोनीबाईनंच वाटी त्याच्या ओठाला लावली.

"गोविंदा मस्त हाये, काकी," तो म्हणाला. "मी नगरच्या दवाखान्यात होतो तं रोज भेटाले ये. मिशा ठेवल्या त्यानं. पार कोतवालावानी दिसते."

दाराआड रुख्मिणी खुदकन हसली.

"अन् गाडी?" ओट्यावर बसलेल्या भाऊसिंगनं विचारलं. भाऊसिंग म्हणजे सोनीबाईचे मालक. तेही जुने रिसालेवाले, दफेदार होऊन पेन्शनीत आलेले. मोटेची चामडी सोंड शिवत बसले होते.

"गाडी कायले म्हनता, दादा, घोडीच म्हना! तुमच्या बिजलीचं नाव देल्लं त्यानं तिले. दसऱ्याले तिच्या तोफेले झेंडूचा हार घातला, पुढं नारळ फोडला. गोरा साहेब पाहातच राह्यला."

भाऊसिंगचा चेहरा उजळला. बिजली त्यांची घोडी. पहिल्या मोठ्या लढाईत तिच्यावर बसून ते समुद्रापलीकडच्या वाळवंटात लढले होते, आणि येताना ती तिकडंच राहिली होती. त्यांनी सोंड बाजूला ठेवली. "पोरगं रक्ताचं हाये," ते म्हणाले, आणि एका पायानं लंगडत गुरांकडं गेले.

ते गेल्यावर सोनीबाईनं बाबूसिंगच्या हातांकडं पाहून विचारलं, "हे कसं झालं, बाबू?"

"कसं म्हनजे? गोळा लागला का पेट्रोल पेटते, काकी. लोखंडाचा डबा, आत आमी मानसं, अन् वरतून झाकन. पेटली का झाकन उघडून उडी टाकाची. हे सामान घेऊ, ते घेऊ, असं कराचं नाही. माहा बूट अडकला. बूट सोडवाले हात घातला, तेवढ्यात हे झालं."

"अन् जो उतरतच नाही?"

बाबूसिंग हसला. "अवो काकी, असा कोन राहीन? भुईमुगाच्या शेंगा भाजतो नं आपन, तसा भाजन तो. उतराचं शिकवतेत आमाले. साहेब शिट्टी मारते, का धडाधड खाली. हां, पन तुमचा गोविंदा..." त्याला मजा वाटली. "तुमचा गोविंदा दर वख्ती शेवटी! शिट्टी वाजली का बाकीचे खाली, अन् हा आतच. साहेबानं शिव्या देल्ल्या, मैदानाले चकरा मारवल्या. पोरं म्हनतेत, नवरदेव हाये हा, हात धरून उतरवा लागते. मी इचारलं, काहून रे असं करतं? तं नुसता हासते."

सोनीबाई हसली नाही. वाटीतला उरलेला चहा गार होत होता आणि ती त्याच्याकडं पाहत होती. गोविंदसिंग का उतरत नाही, हे त्या ओट्यावर तिच्या एकटीला माहीत होतं.

घरात रीत होती. आजा, पणजा, सगळे रिसाल्यातले. जाणाऱ्या मुलानं भवानीपुढं मांडलेल्या जुन्या खोगिरावर हात ठेवायचा, आणि बाप सांगेल ते शब्द म्हणायचे: "उभ्या लढाईत रिकिबीतून पाय काढनार नाही. वाहन उभं तोवर मी वर, वाहन पडलं तं मी त्याच्यापाशी." रिकीब म्हणजे खोगिराच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या, पाय ठेवायच्या कड्या. घोड्यावर बसणाऱ्यासाठी त्यात शहाणपण होतं. गर्दीत उतरलेला स्वार मेलाच. वर बसलेला निदान निसटतो तरी. म्हणून बापानं लेकाला बांधायचं, लेकानं पुढं त्याच्या लेकाला. आणि ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्या कुणाच्या शब्दानं ही आण सुटत नव्हती.

काही वर्षांमागं खबर आली, की रिसाल्याचे घोडे सरकारनं काढून घेतले, आता तिथं लोखंडी गाड्या. सख्खा भाऊ गेला तेव्हा ज्यांच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं ते भाऊसिंग त्या दिवशी गोठ्यात जाऊन रडले. पुढं गोविंदसिंग निघाला तेव्हा खोगिरावर हात ठेवून त्यानं विचारलं होतं, "बाबा, आता घोडा कुठी अन् रिकीब कुठी?" भाऊसिंग म्हणाले, "बसाले जे देतीन ते वाहन. म्हन." त्यानं म्हटलं. सोनीबाईनं स्वतः त्याच्या तळहातावर दही ठेवलं, कपाळाला कुंकू लावलं.

घोडा पेटत नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. सोनीबाईच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी ती मळ्यात गेली. भाऊसिंग वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होते. ती बांधावर उभी राहिली.

"अवो, गोविंदाले मोकळं करा."

"कायच्यातून?"

"आणेतून. ते आगीत बसून राहीन. बाबू काय म्हनला, तुमी नाही आइकलं. पेटल्यावर उतरा लागते तिच्यातून. तो उतरनार नाही. तुमी त्याले बांधलं हाये."

भाऊसिंगनं फावड्यानं वाफ्याचं तोंड बंद केलं, दुसऱ्याचं उघडलं. "उतराचं मनात ठेवून जो चढते, सोने, तो लढाईच्या आंधीच उतरलेला असते."

"हे घोड्याचं झालं."

"मानसाचं हाये. घोडा का लोखंड, वर बसनारं तं मानूसच हाये नं?"

"अवो, लेकरू हाये आपलं!"

"माहं नाही का?" ते मोठ्यानं ओरडले. मोटेचे बैल थबकले. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुह्या नेमाधर्माले म्या कधी हात लावला? तू तापानं फणफणत असली तरी उपास सोडला नाही, मी काही म्हनलं? तुही देवी, तुहं व्रत. मंग माह्या आणेले तू काहून हात लावतं?"

एकदा धरलेलं सोडलं की माणसाचं काय उरतं, हे तिच्याइतकं त्या गावात कुणाला कळत होतं? भाऊसिंग जर खोटं बोलत असते, हट्ट म्हणून अडून बसले असते, तर ती भांडली असती. पण ते खरंच मानत होते. तिच्यासारखंच मानत होते.

तिनं अन्न सोडलं. पाणीही सोडलं. ओट्याच्या खांबाला टेकून बसून राहिली. भाऊसिंग येता-जाता पाहायचे, तोंड फिरवायचे. एकदा लोटा घेऊन जवळ आले आणि म्हणाले, "पी. असं करून तू माहा जीव घेशीन, शब्द नाही." लोटा ठेवून गेले. तिनं तो शिवला नाही. तिची जीभ कोरडी पडली, कानात नुसतं घूं घूं होत राहिलं, आणि डोळे मिटले की त्या आवाजात झाकण लावलेला डबा दिसायचा.

शेवटी रुख्मिणी बोलली. ती सासूपुढं कधी तोंड वर करून बोलली नव्हती.

"आत्याबाई, मामंजी सोडनार नाहीत. तुमी मेल्या तरी सोडनार नाहीत."

"माहीत हाये, माय."

"बाबूभावजी म्हनत होते, दिवाळीनंतर त्याहीची तुकडी निंगते. नगरच्या गाड्या भुसावळवरून अकोल्याले येतेत, तिथं इंजन पानी घेते. तुमी जा. त्याहीले सांगा, बाबानं मोकळं केलं म्हून."

सोनीबाईनं मान वर केली. "खोटं सांगू?"

"तुमचं आइकतीन ते. दुसऱ्या कोनाचं नाही आइकनार." रुख्मिणी थांबली नाही. "तुमचं व्रत मोडलं तं देवी रागावन, मले समजते. पन नाही मोडलं तं मी सारा जलम पांढरं कपाळ घेऊन या घरात फिरन, तुमच्या डोयापुढं. कोनतं पाह्यजे ते सांगा."

सोनीबाईनं तिच्याकडून पाण्याचा लोटा घेतला आणि घटाघटा प्यायली.

बाबूसिंगला घेऊन ती अनसिंगहून छोट्या गाडीनं अकोल्याला गेली. भाऊसिंगना तिनं एवढंच सांगितलं, की पोराचं तोंड पाहून येते. हे खरं होतं, म्हणून सांगता आलं. त्यांनी गूळ-शेंगदाण्याचे लाडू बांधायला सांगितले आणि रुमालात स्वतः गाठ मारून दिली.

अकोल्याचं स्टेशन म्हणजे नुसती रेटारेटी. फलाटावर शिपाई, पोत्यांच्या थप्प्या, दोरानं बांधलेल्या पेट्या. पोलीस बायामाणसांना हाकलायचे, बाबूसिंग आपले हात दाखवायचा, मग ते गप्प व्हायचे. धर्मशाळेत पाठ टेकायची, आणि उजाडलं की इंजिनाच्या पाण्याच्या नळापाशी जाऊन बसायचं. लष्करी गाडी आली की सोनीबाई डब्याडब्यापाशी जाऊन विचारायची, "नगरचे का, बापू? रिसाल्याचे का?" कुणी पंजाबी जवान हात जोडून म्हणायचा, "माताजी, हमें बताने का हुकुम नहीं." कुणी तिच्या हातावर बिस्किट ठेवायचा. किती गाड्या आल्या आणि गेल्या. मधेच तिला वाटायचं, गेला असेल तो. आपण धर्मशाळेत आडव्या झालो तेवढ्यात गेला असेल. मग ती नळाच्या खांबाला कपाळ टेकवून देवीला म्हणायची, "माय, मी पाप कराले आली हाये. तेवढं तं करू दे."

ती गाडी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. उघड्या सपाट डब्यांवर ताडपत्रीखाली काहीतरी बसलेलं होतं, मोठाल्या म्हशी चादरीखाली बसवाव्यात तसं. बाबूसिंग उठला आणि धावतच सुटला. "काकी! इकडं! आपलेच हायेत!"

गोविंदसिंग एका डब्यावर बंदूक घेऊन पहाऱ्याला उभा होता. मिशा होत्या खऱ्याच. आईला पाहून त्याला आधी ओळखच पटेना. पहारा सोडून त्याला खाली येता येईना, तिला वर चढता येईना. तिचा हात पोचला तो त्याच्या बुटापर्यंत. तिनं बूटच धरला.

"माय! पाय कायले धरतं, सोड! तू इथी कशी? बाबा बरे हायेत नं?"

"बरे हायेत. आइक, गोविंदा. बाबानं तुले आणेतून मोकळं केलं."

इंजिनात पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"बाबानं?"

"हो."

"मंग ते काहून नाही आले?"

"पाय दुखते त्याहीचा." दुसरं खोटं किती सहज आलं, हे तिच्या तिलाच जाणवलं. पहिल्याच्या बोटाला धरून आल्यासारखं.

गोविंदसिंग गुडघ्यावर बसला. त्याचं तोंड तिच्या तोंडाजवळ आलं. "माय, तुह्यावर शक नाही घेत मी. पन हे दुसऱ्या कोनी सांगतलं असतं तं मी मानलं नसतं. बाबा असं म्हनतीन, खरं वाटत नाही. दिव्याची आण घेशीन?"

तिनं तोंड उघडलं. तिला भवानीचं ठाणं दिसलं, तेलानं काळी झालेली समई दिसली. मग ती म्हणाली, अगदी नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "देवीपुढच्या दिव्याची आण. बाबानं तुले मोकळं केलं. गाडी पेटली, का सगळ्यात आंधी उतरजो. समजलं? कोनाची वाट पाह्यजो नको. उतरजो."

डोक्यावरचा भारा कुणी हात लावून उतरवावा तशी त्याची मान सैल झाली. तो हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मले लय भेव वाटे, माय. आत बसलो का वाटे. कोनाले सांगू? घोडेवाल्याचं पोरगं मी."

शिट्टी झाली. तिनं लाडवांचा रुमाल वर फेकला, त्यानं तो झेलला. डबे हलले. ती थोडी बरोबर चालली, मग फलाट संपला.

बाबूसिंग मागं उभा होता. "काकी," तो म्हणाला, "दादा कवा बोलले?" सोनीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर तिनं भाऊसिंगना सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. पाय दुखतो म्हणाली तेही सांगितलं. त्यांनी ते बाजेवर बसून ऐकलं.

"तू खोटं बोलली?" त्यांना आधी याचंच नवल वाटलेलं दिसलं. "सोने, तू?"

"हो."

"माह्या नावानं."

"हो."

त्यांनी आपल्या लंगड्या पायाकडं पाहिलं. मग बाज उचलून मळ्यातल्या खोपीत घेऊन गेले. जाताना म्हणाले, "मेला असता तं माहा म्हून मेला असता. आता जगला तरी कोनाचा म्हून जगन?" त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलले नाहीत. जेवणाचं ताट रुख्मिणी नेऊन द्यायची.

पण नवऱ्याच्या अबोल्याचं दुःख सोनीबाईला फार झालं नाही. त्यापेक्षा मोठं काहीतरी तिच्या उरावर येऊन बसलं होतं. खोटी आण घेणाऱ्याला लागत नाही, त्याच्या लेकराला लागते, असं ती आईच्या मांडीवर बसल्यापासून ऐकत आली होती. अकोल्याच्या फलाटावर तिला हे आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं, आणि तरी ती बोलली होती. आता तिला वाटायचं, आपण पोराला एका आगीतून काढलं आणि दुसऱ्या आगीत घातलं. उतरून तो वाचेल, आणि उतरल्यावर तिच्या आणेनं मरेल. कुठं पाहावं, कोणाला विचारावं? देवीलाच विचारायचं, तर देवीचाच दिवा तिनं विटाळला होता. पहाटे ती उठायची, आंघोळ करायची आणि देवघराच्या बाहेर बसायची. दिवा रुख्मिणी लावायची. सोनीबाई उंबऱ्याबाहेरून म्हणायची, "मले घे. मी बोलली, मले घे. त्याले कायले धरतं?" दिवसेंदिवस हेच. ती वाळत गेली. चिंचेखाली बसलेल्या बाया तिला पाहून आवाज खाली करायच्या. तंटा घेऊन कुणी ओट्यावर आलं, तर ती आत निघून जायची.

होळीनंतर तार आली: गोविंदसिंग जखमी. वाचणाऱ्यानं एवढंच वाचलं. किती जखमी, कुठं, तारेत काही नव्हतं. रुख्मिणी देवापुढं लोळण घेऊन रडली. जिवंत होता म्हणून रडली. सोनीबाई उभीच राहिली. तिला वाटलं, हे सुरू झालं.

तो आला तो भादव्यात. लढाई संपली होती. बाबूसिंग त्याला अनसिंगच्या स्टेशनावरून बैलगाडीत घेऊन आला. डोक्याला फडकं गुंडाळलेलं. ते सोडलं तेव्हा रुख्मिणीनं तोंडावर हात घेतला. एक कान नव्हता. डोक्यावर केस नव्हते, नुसती गुलाबी, ओढलेली, चकचकीत कातडी होती, आणि ती एका डोळ्याला तिरपं करून गालापर्यंत उतरली होती. मिशाही नव्हत्या.

सोनीबाई पुढं झाली. त्यानं हातानं तिला थांबवलं. तो ओट्याखाली अंगणातच उभा राहिला.

"बाबा कुठी हायेत?"

कुणीतरी मळ्यात जाऊन सांगितलं होतं. भाऊसिंग आले. लंगडत आले, आणि अंगणाच्या तोंडाशीच थबकले. लेकाला पाहून त्यांच्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज आला.

"बाबा," गोविंदसिंग म्हणाला, "मी उतरलो."

सोडलेलं फडकं त्यानं खांद्यावर टाकलं.

"गोळा लागला अन् म्या झाकन उघडलं. सगळ्यात आंधी उतरलो. साहेब नाही उतरला. तोफेवरचा मदनसिंग नाही उतरला. त्याचा हात बाहेर आलता, म्या धरला, ओढला. नाही निंगाला. माहं डोकं तिथी जळलं." तो पाठ केल्यासारखं सांगत होता, दवाखान्यात पडून पडून किती वेळा मनात म्हटलं असेल कोण जाणे. "बिजली तिथीच हाये. वाहन पडलं अन् मी वाचलो. माय म्हने, तुमी मोकळं केलं मले. तसं असन तं मी घरात पाय ठेवतो. नसन तं सांगा, बाबा. मी कोनाले काही म्हननार नाही. बाबूसंग शेलूबाजारले जातो."

सोनीबाईच्या मनात आलं, हेच ते. देवीनं लेकरू जिवंत आणलं आणि अंगणातून परत न्यायला उभं केलं. तिनं ठरवलं होतं, विचारलं तर आता खरं सांगायचं. पण गोविंदसिंग तिच्याकडं पाहत नव्हता. तिला कुणी काही विचारतच नव्हतं.

भाऊसिंगनं तिच्याकडं पाहिलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं. ती काही मागत नव्हती, हातही जोडले नाहीत. मागायचा हक्क आपण फलाटावर टाकून आलो, हे तिला माहीत होतं. आजा, पणजा, जुने सगळे मेलेले स्वार त्या अंगणात येऊन उभे राहिले असतील भाऊसिंगपुढं. त्यांनी आयुष्यात शब्द फिरवला नव्हता.

"हो," भाऊसिंग म्हणाले. आवाज फुटला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. "हो रे. म्याच सांगतलं व्हतं मायले. अकोल्याले मीच येनार व्हतो. पाय दुखे म्हून नाही आलो."

रुख्मिणी भिंतीला टेकून खाली बसली. बाबूसिंग आपल्या हातांकडं पाहत राहिला.

गोविंदसिंग बापाच्या पायाशी वाकला. भाऊसिंगनं आशीर्वादाला हात उचलला आणि तो हवेतच राहिला. त्या डोक्यावर ठेवावा अशी जागा नव्हती. इकडं न्यावा तर कातडी, तिकडं न्यावा तर जखमेचा व्रण.

गोविंदसिंगला ते खालूनच समजलं. त्यानं हात वर करून बापाचा हात धरला आणि आपल्या डोक्यावर दाबून ठेवला.

"ठेवा बाबा. आता दुखत नाही."

दुखत होतं. त्याचा जबडा आवळलेला होता आणि मानेची शीर ताठ झाली होती. सोनीबाईला ते दिसत होतं. ती काही बोलली नाही.